जुने खेळ, नवी यंत्रे

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

पुस्तक जुने झाले की त्याची पाने पिवळी पडतात, कसर लागते, एखादे पान गळते; पण उरलेले पान हातात घेतले की वाचता येते. संगणकावरच्या खेळाचे तसे नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा खेळ जुन्या सीडीवरून आजच्या संगणकावर उतरवून घ्यावा. त्याची फाइल अक्षरन् अक्षर शाबूत असते, तिच्यातला एक ठिपकाही झडलेला नसतो. आणि तरीही यंत्र सरळ सांगते की हा कार्यक्रम येथे चालणार नाही. कागद आहे, अक्षर आहे, वाचणारा मात्र नाही! इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही अवस्था परकी वाटू नये. मोडी कागदांची गत याहून वेगळी काय आहे?

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळचा एक मोडी कागद आहे. जमिनीसंबंधी असावा, असे सगळे म्हणतात. घरात शाळेच्या पुढे कोणी गेलेले नव्हते, त्यामुळे तो वाचण्याचा प्रश्न कधी निघाला नाही. मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हा तो मोठ्या आशेने माझ्यापुढे ठेवण्यात आला. आता अशा कागदाचे करावे काय? एक तर मोडी जाणणारा माणूस शेजारी बसवावा आणि कागदाला हात न लावता त्याच्याकडून वाचून घ्यावा. किंवा त्याचे देवनागरीत लिप्यंतर करावे, म्हणजे पुढे कोणालाही वाचता येईल. किंवा मग आशय समजून घेऊन आजच्या मराठीत नवाच मजकूर लिहावा. जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचेही हेच तीन मार्ग आहेत. पैकी तिसऱ्याविषयी मी येथे लिहिणार नाही. तो जुन्या नावाचा नवा खेळ असतो. चांगलाही असेल, पण आपला विषय तो नव्हे.

प्रथम खेळ चालत का नाही, ते पाहू. खेळ म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची एक लांबलचक यादी. ही यादी मोघमपणे कोणत्याही यंत्राला उद्देशून लिहिलेली नसते. पडद्याच्या अमुक घरात अमुक रंग भर, कोणती कळ दाबली ते तमुक ठिकाणी जाऊन पाहा, अशा त्या आज्ञा असतात. पत्ता बदलला की पत्र पोहोचत नाही. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि त्याच्याबरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या जातीच्या संगणकांसाठी निघालेले बहुतेक खेळ डॉससाठी लिहिलेले होते, सोळा बिटांच्या यंत्राच्या भाषेत. विंडोज एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिटांच्या आवृत्तीत असल्या जुन्या कार्यक्रमांसाठी एक दुभाषी बसवलेला असे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो ठेवला नाही. आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ तर ६४ बिटांचीच आहे. दुभाषी गेला आणि डॉसचे खेळ मुके झाले.

आमच्या घरातल्या कोणी आयुष्यात प्रथम संगणकाला हात लावला असेल तर तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. हा अभ्यासक्रम या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला. माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, दहावीनंतरच्या सुट्टीत नागोठण्यात तो केला. त्याच्या सांगण्याप्रमाणे सर बाहेर गेले रे गेले की वर्गातल्या निम्म्या पडद्यांवर एकच खेळ उघडत असे, ‘डेंजरस डेव्ह’. लाल टोपीवाला एक ठेंगणा माणूस उड्या मारीत हिरे गोळा करतो. चषक मिळाल्याशिवाय दार उघडत नाही. असे एकंदर दहा टप्पे. जॉन रोमेरो या अमेरिकन तरुणाने १९८८ साली तो लिहिला. घरी ज्यांच्या टीव्हीलाही धड रिमोट नव्हता, अशा मुलांची बोटे कळफलकावर बसली ती टायपिंगच्या धड्यांनी थोडी आणि डेव्हने पुष्कळ, असे दादाचे म्हणणे आहे. मला ते पटते.

दादाने जपलेल्या एका सीडीत हा खेळ होता. तो मी माझ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्सच्या साहाय्याने चालवला. डॉसबॉक्स हा २००२ पासून विनामूल्य मिळणारा कार्यक्रम आहे, आणि त्या जातीच्या कार्यक्रमांना एम्युलेटर म्हणतात. तो नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो: जुना पडदा, जुना कळफलक, जुने ध्वनियंत्र, सगळे खोटे, पण वागण्यात खऱ्यासारखे. खेळाची समजूत अशी होते की आपण अजून १९९० सालातच आहोत. खेळाच्या फाइलला कोणी स्पर्शही केलेला नसतो. मोडी जाणणारा माणूस शेजारी बसवला, तो हाच.

खेळ सुरू झाला, आवाजही आला. मी दादाला हाक मारली. त्याने पडद्याकडे पाहिले मात्र, आणि म्हणाला, “हा डेव्ह बुटका झालाय गं.”

मला वाटले, वीस वर्षांत आठवण बदलली असेल. पण दादाचे बरोबर होते, आणि त्याचे कारण शोधताना मला या विषयाची खरी गोडी लागली. हा खेळ पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके काढतो. त्या काळचे काचेचे जाड मॉनिटर चारास तीन या प्रमाणाचे होते. २०० ओळी त्या काचेवर वरपासून खालपर्यंत ताणून बसत. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला थोडा जास्त असे. चित्र काढणाऱ्याने तो ताण गृहीत धरूनच माणूस काढलेला होता. आजच्या पडद्याचे ठिपके चौरस आहेत. त्यांच्यावर तेच चित्र जसेच्या तसे ठेवले की ते दबते. २०० ओळींच्या २४० केल्या की प्रमाण जुळते. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलीत त्यासाठी ‘ॲस्पेक्ट’ नावाची एक ओळ असते. ती चालू करून मी पुन्हा दाखवले. “हां, आता आला आमचा डेव्ह,” दादा म्हणाला.

यातली मौज अशी की डेव्हची खरी उंची खेळाच्या फाइलीत कोठेही लिहिलेली नाही. ती ठाऊक होती मॉनिटरच्या काचेला. काच भंगारात गेली आणि उंची उरली ती दादाच्या डोळ्यांत. म्हणजे फाइल जपली म्हणून खेळ जपला असे होत नाही. खेळाचा काही भाग यंत्राकडे ठेव म्हणून ठेवलेला असतो, आणि यंत्र जाताना ती ठेव घेऊन जाते.

उंचीचे असे, तसेच वेळेचेही. १९८१ च्या आयबीएम संगणकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोक्यांचा होता. तेव्हाचे काही खेळ लिहिणारे वेळ मोजण्याच्या भानगडीत पडत नसत. यंत्राला जेवढा वेळ लागतो तोच खेळाचा वेग, असा हिशेब. वेगवान यंत्रे आल्यावर असे खेळ वाऱ्यासारखे पळू लागले. मग संगणकाच्या पेटीवर ‘टर्बो’ नावाचे एक बटण आले. नावावरून वाटते की ते वेग वाढवण्यासाठी असेल, पण त्याचा उपयोग व्हायचा तो यंत्राला मुद्दाम हळू करण्यासाठी! डॉसबॉक्समध्ये हेच काम कंट्रोल कळ धरून एफ-११ आणि एफ-१२ या कळांनी करता येते. एकीने वेग उतरतो, दुसरीने चढतो.

कधी कधी तर यंत्राची दुर्बलता हाच खेळाचा प्राण असतो. जपानमध्ये १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ केला. वरून शत्रूच्या रांगा सरकत येतात आणि आपण खालून गोळ्या झाडतो. शत्रू कमी होत गेले की उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागतात आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधडू लागते. हे आधी योजलेले नव्हते. पडद्यावर खूप आकृत्या असल्या की त्या यंत्राची दमछाक होई. आकृत्या कमी झाल्या की ते मोकळा श्वास घेऊन पळे. निशिकादोंनी ते पाहिले आणि तसेच राहू दिले. आता हा खेळ आजच्या यंत्रावर जो कोणी नव्याने लिहील, त्याला ही दमछाक हाताने लिहावी लागेल, कारण आजचे यंत्र पन्नास-पंचावन्न आकृत्यांनी दमत नाही.

एक्सपीवरचा पिनबॉल तर आमच्या पिढीनेही थोडाफार पाहिला आहे. तो १९९५ च्या सुमाराचा, बाहेरच्या कंपनीने लिहून दिलेला खेळ. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी लिहून ठेवले आहे की एकदा त्याचे चित्र सेकंदाला सुमारे पाच हजार वेळा रंगवले जात होते आणि सारे यंत्र त्यातच गुंतून पडे. त्यांनी शंभराची मर्यादा घातली. पण ६४ बिटांच्या विंडोजसाठी तो तयार करताना चेंडू कशालाही न आपटता सगळ्यातून आरपार जाऊ लागला आणि पडद्याच्या तळातून नाहीसा झाला. आपटले की नाही हे ठरवणारा भाग कोठे चुकतो ते शोधायचे, तर मूळ आज्ञावलीत टिपा नाहीत, लिहिणारे कधीच दूर गेलेले. दुसरी कामे खोळंबली होती. शेवटी खेळच वगळला. म्हणून एक्सपीनंतर विंडोजमध्ये पिनबॉल दिसला नाही. पुढे २०२१ मध्ये एका हौशी माणसाने यंत्रभाषेतून उलटे वाचत त्याची आज्ञावली पुन्हा मांडली, आणि तो आज चालतो.

येथे आपण दुसऱ्या मार्गावर, म्हणजे लिप्यंतरावर, येऊन पोहोचलो. संगणकवाले याला पोर्ट करणे म्हणतात. शेजारी कोणी बसवायचा नाही. कागदच नव्या लिपीत उतरवायचा. ज्यांनी मोडी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. देवनागरीत उतरवताना मात्र ‘दिन’ की ‘दीन’, हे ठरवावेच लागते. मूळ कागद ज्याविषयी मौन पाळतो त्यावर लिप्यंतरकाराला बोलावे लागते. पोर्ट करणाराही अशा शेकडो ठिकाणी निर्णय घेत असतो: साप वळवण्यासाठी नोकियाच्या फोनवर २, ४, ६, ८ हे आकडे होते, काचेच्या फोनवर आकडेच नाहीत, तर अंगठ्याने काय करायचे? डोळे पडद्यावर आणि बोट कळेच्या उंचवट्यावर, ही सोय आता नाही. माझ्या मते सापाच्या खेळाचे जे नुकसान झाले ते येथेच झाले. चित्र सुधारून ते भरून येत नाही.

पण पोर्ट म्हणजे निव्वळ नुकसान, असेही कोणी समजू नये. ‘टेट्रिस’ हा खेळ मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली इलेक्ट्रोनिका-६० या यंत्रावर केला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून पडणारे ठोकळे कंसाच्या चिन्हांचे केलेले होते. आयबीएमच्या संगणकावर तो उतरवला वादिम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने, आणि तेव्हा त्याला रंग आले. जगाने पाहिला तो टेट्रिस हा असा लिप्यंतरित. आपला डेव्ह तरी कोठे मूळचा आहे? रोमेरोने तो प्रथम ॲपल टू या यंत्रासाठी लिहिला होता; डॉसची आवृत्ती मागाहूनची, १९९० ची. दादाच्या दृष्टीने अस्सल असलेला डेव्ह स्वतःच पोर्ट आहे!

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची हकीकत. जॉर्डन मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले, आणि एकेक चित्र गिरवून राजपुत्र घडवला. खेळ ॲपल टू साठी १९८९ साली प्रसिद्ध झाला. मध्येच त्यांना वाटले की राजपुत्राला तोडीस तोड असा प्रतिस्पर्धी हवा. पण यंत्राच्या स्मृतीत दुसऱ्या पात्राच्या चित्रांना जागाच नव्हती. तेव्हा त्यांनी राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवरच टाकली, आणि त्यातून झगमगती अशी एक छाया निघाली. राजपुत्राला आडवी येणारी त्याचीच सावली! पुढे भरपूर स्मृतीची यंत्रे आली, खेळ पुष्कळ यंत्रांवर गेला, पण सावली सुटली नाही. ती सुटली असती तर गोष्टच गेली असती.

या खेळाची मूळ आज्ञावली, जिला सोर्स कोड म्हणतात, हरवली असे मेक्नर धरून चालले होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना कपाटात मागे पडलेले एक खोके सापडले आणि त्यात जुन्या चकत्या निघाल्या. चुंबकीय चकतीवरचे लेखन काळाने पुसट होत जाते, आणि ती पुन्हा पुन्हा फिरवून पाहणेही धोक्याचे. म्हणून जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ हे जुन्या यंत्रांचे जाणकार बोलावले, ॲपल टू यंत्र जोडले आणि एकेका चकतीची नक्कल उतरवून घेतली. मग मेक्नर यांनी ती आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. मला यात दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. वाचले ते एका बापाने खोके फेकून दिले नाही म्हणून. आणि चकती वाचण्यासाठी त्या चकतीच्या वयाचे यंत्र कोणीतरी चालू स्थितीत ठेवले होते म्हणून.

मराठीचा विद्यार्थी येथे म्हणेल की यात नवे ते काय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला तेव्हा हाच प्रश्न होता. बरोबर आहे. त्यांनी पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना बजावलेही की यात आपली ओवी घालू नका. पोर्ट करणाऱ्यांपुढे हा मोह कायमचा असतो. उडी जरा सोपी करावी, रंग जरा भडक करावेत. माझे स्वतःचे मत असे आहे की आधी एम्युलेटरवर मूळ खेळ पाहण्याची सोय असावी, मग पाहिजे तेवढी लिप्यंतरे व्हावीत. मूळ पाहायला मिळत असले की बदलही कळतो आणि बदलणाऱ्याचे कौशल्यही.

खेळांना काय एवढे कवटाळायचे, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी एक घरचे उदाहरण देते. जुन्या मराठी फाँटांत टाइप केलेला मजकूर आजच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कारण त्या फाइलीत मराठी अक्षर नव्हतेच. इंग्रजी अक्षराचा क्रमांक होता आणि फाँट त्याला मराठी सोंग देत असे. फाँट गेला, सोंग उतरले. युनिकोडमध्ये आणायचे तर नुसते क्रमांक बदलून भागत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराची जागाही बदलते. गावोगावच्या छापखान्यांतून अशा मजकुराच्या किती सीडी पडल्या असतील! निदान तो मजकूर छापलेला तरी असतो. खेळाला छापील प्रत नसते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगणकाचा कार्यक्रम ‘साहित्यकृती’त मोडतो. हे वाचून मला गंमत वाटली. म्हणजे डेंजरस डेव्ह हे कायद्याने साहित्यच! साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तेव्हा हे खेळ कोणीही उतरवून वाटावेत, विकावेत, असे नाही. रीतसर मिळालेली प्रत जपण्यासाठी तिची राखीव नक्कल करण्यास कायद्याची मुभा आहे. पण दुसरी बाजू अशी. आपल्या देशात पुस्तक छापले की १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने त्याच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. या ‘साहित्यकृतीं’ना तसा नियम लागू नाही. बटणांच्या फोनवरचे जावाचे खेळ, सायबर कॅफेत खेळले जाणारे फ्लॅशचे खेळ, यांची प्रत कोणाकडे जमा झाली? फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. परदेशांतील हौशी मंडळींनी रफल नावाचा एम्युलेटर लिहिला, हजारो खेळ साठवून ठेवले, म्हणून ते दिसतात. ते त्यांना महत्त्वाचे वाटणारे खेळ प्रथम उचलणार, हे उघडच आहे. नागोठण्याच्या वर्गात काय खेळले जाई, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून मी सीडीची नक्कल करून ठेवली, आणि त्याबरोबर एका वहीत दादाला विचारून काही नोंदी केल्या आहेत. मॉनिटर किती इंची आणि कोणत्या आकाराचा होता. विंडोज कोणती होती. स्पीकर नव्हते, आवाज पेटीतूनच येई. कोणता टप्पा कोणाला पार होत नसे. यंत्रे कमी आणि मुले जास्त, त्यामुळे एका कळफलकावर दोघे बसत: एकजण बाणांच्या कळा सांभाळी, दुसऱ्याने कंट्रोल कळेवर बोट ठेवून गोळी झाडायची. मुली बहुधा मागे उभ्या राहून पाहत, हेही त्याने सांगितले. तेही वहीत आहे.